हौजिंगचं ऑइल: हिशोब किलोमीटरचा की पाण्याचा?

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून कल्याण-वाशीकडे निघणाऱ्या पिकअपच्या मालकाला इंजिन ऑइल कधी बदललं हे तोंडपाठ असतं. टायर कधी टाकले, क्लच प्लेट कधी बदलली, इन्शुरन्स कधी संपतो, तेही. मागच्या हौजिंगमधलं, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीतलं, ऑइल कधी बदललं असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा ‘सर्व्हिसिंगला बघतात की’ असं येतं. गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचं हौजिंग आणि पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी मधली ट्रान्सफर केस या आणखी दोन जागा त्याच ‘बघतात’मध्ये जमा होतात.

या तीन जागांच्या ऑइलबद्दल मतं मात्र भरपूर आहेत. कंपनीचं मॅन्युअल एक सांगतं, शोरूमचा सल्लागार दुसरं, डब्यामागचा मजकूर तिसरं, आणि हायवेवरचा मिस्त्री ‘नव्वद नंबर टाका, काही होत नाही’ म्हणून मोकळा होतो. गंमत अशी की यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गाडीबाबत बरोबर असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: या सगळ्या चर्चेत किलोमीटरला नको तेवढा मान मिळतो. डिफरन्शियलचं वाटोळं जुन्या ऑइलने क्वचित होतं. कमी ऑइलने आणि आत शिरलेल्या पाण्याने बरंच होतं. ट्रान्सफर केसचं होतं ते भलतं ऑइल घातल्याने. त्यामुळे ‘किती हजाराला बदलू?’ हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो आहे.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यातलं एक फरफटणारच. यावरचा उपाय मोटारीच्या कितीतरी आधीचा आहे. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. ती चार छोटी गियर आजही जवळपास त्याच रचनेत फिरतात, आणि ऑइलच्या दृष्टीने ती फारशी त्रासदायक नाहीत. गाडी सरळ चालली असताना ती एकमेकांवर फिरतसुद्धा नाहीत. खरा छळ सोसतात ते क्राऊन आणि पिनियन. प्रोपेलर शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवायचं आणि त्याचा वेग साधारण चौथ्या हिश्शावर आणायचा, ही दोन्ही कामं त्या एकाच जोडीवर.

जुन्या मोटारींत पिनियनचा अक्ष क्राऊनच्या बरोबर मध्यातून जायचा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या ग्लीसन कंपनीने १९२० च्या दशकात हायपॉइड दात आणले आणि १९२६ च्या सुमारास पॅकार्डने ते आपल्या मोटारींत बसवले. यात पिनियन मध्यापेक्षा खाली सरकतो. शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली आला, दातांची पकड वाढली, आवाज कमी झाला. किंमत मोजली ती ऑइलने. साध्या दातांमध्ये एक दात दुसऱ्यावरून बव्हंशी लोळतो. हायपॉइडमध्ये तो लांबीच्या दिशेने घासत सरकतो, तोही प्रचंड दाबाखाली. या घासण्याने साध्या ऑइलचा थर पुसला जातो आणि लोखंडाला लोखंड लागतं.

म्हणून हायपॉइडबरोबर ऑइलमध्ये नवं रसायन आलं. गंधक आणि फॉस्फरसची संयुगं दातांच्या तापलेल्या टोकांवर लोखंडाशी अभिक्रिया करतात आणि एक अतिपातळ थर तयार करतात. घासला जातो तो हा थर, दात वाचतो, थर पुन्हा तयार होतो. गियर ऑइलच्या डब्याला येणारा आणि कपड्यांतून दोन धुण्यांतही न जाणारा वास या गंधकाचा. अगदी सुरुवातीला शिशाचे साबण वापरले जात. पुढे कित्येक वर्षं गंधक मुरवलेलं स्पर्म देवमाशाचं तेलही गियर ऑइलमध्ये आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्सच्या ऑइलमध्ये पडत होतं. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातला, त्याच्या तेलाची वाट बंद झाली, आणि ऑइल कंपन्यांना धावपळ करून पर्याय शोधावे लागले. ट्रकच्या मागच्या हौजिंगचा समुद्राशी असा संबंध होता हे आज सांगूनही खरं वाटत नाही.

आता या ऑइलच्या वाट्याला काय येतं ते बघू. पूर्ण भरलेली पिकअप घाट चढते तेव्हा क्राऊन-पिनियनमधून समजा पन्नास किलोवॉट शक्ती जाते. हायपॉइड जोडीत तीन-चार टक्के घर्षणात जातात. चार टक्के धरले तर दोन किलोवॉट, म्हणजे न्हाणीघरातल्या गिझरइतकी उष्णता, दोन-अडीच लिटर ऑइलमध्ये सतत ओतली जाते. ते थंड करायला ना रेडिएटर, ना पंखा. हौजिंगच्या लोखंडावरून जाणारा वारा काय ती मदत करेल तेवढी. घाटात वेग कमी, म्हणून वाराही कमी.

पंपही नसतो आणि फिल्टरही नसतो. क्राऊनचा खालचा भाग ऑइलमध्ये बुडालेला असतो. तो फिरतो, ऑइल वर उडवतो, आणि उडालेलं ऑइल खाचांमधून पुढे पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. सगळा कारभार लेव्हलवर चालतो. पिनियन हौजिंगच्या पुढच्या तोंडाला असतो. गाडी घाट चढू लागली की ते तोंड वर होतं आणि ऑइल मागे ओघळतं. लेव्हल पूर्ण असेल तर काही बिघडत नाही. अर्धा-पाऊण लिटर कमी असेल, तर नेमकं सर्वांत जास्त ओझ्याच्या वेळी पिनियनचं पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. माळशेज किंवा वरंधा चढून आल्यावर हौजिंग ‘गाऊ’ लागलं असं ड्रायव्हर सांगतात तेव्हा मला ऑइलच्या वयापेक्षा त्याच्या लेव्हलचा संशय आधी येतो. आणि लेव्हल कमी होण्याचं कारणही शोधायला फार लांब जावं लागत नाही. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे गळालं: पिनियन सीलमधून, एक्सलच्या सीलमधून, नाहीतर झाकणाच्या पॅकिंगमधून.

नंबरांबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही चिवट आहेत. पहिला असा की नव्वद नंबर म्हणजे इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नास नंबरापेक्षा दुप्पट घट्ट. तसं नाही. इंजिन ऑइल आणि गियर ऑइल यांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. एसएईच्या गियर ऑइल मानकात ९० नंबर म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, आणि इंजिन ऑइलचा ४० ते ५० नंबर जवळपास याच पट्ट्यात येतो. दोन मोजपट्ट्यांचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मुद्दाम दूर ठेवले आहेत, एवढंच. ‘डब्ल्यू’ अक्षर थंडीचं. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. लडाखला जाणारी गाडी सोडली तर महाराष्ट्रात या आकड्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही. आपल्याकडे ८०डब्ल्यू-९० बहुतेक मागच्या हौजिंगना पुरतं.

दुसरा गैरसमज असा की क्राऊन आवाज करू लागला की एकशेचाळीस नंबर टाकावा. यात अर्धं सत्य आहे. २४ ते ३२.५ सेंटिस्टोकचं १४० नंबर ऑइल जाड थर देतं. अवजड गाड्यांच्या हौजिंगना ८५डब्ल्यू-१४० कंपन्या स्वतःच सांगतात. पण ९० साठी बनलेल्या हौजिंगमध्ये १४० टाकून आवाज गेला, तर दात किंवा बेअरिंग बरं झालेलं नसतं, फक्त त्याचं तोंड दाबलेलं असतं. अमेरिकेत जुन्या गाड्या विकणारे हौजिंगमध्ये लाकडाचा भुसा टाकून आवाज लपवायचे, त्यातलाच हा सभ्य प्रकार. उलट दिशेची ओढही आहे. इंधन वाचवण्याच्या नियमांमुळे अमेरिकन कंपन्या पातळ ऑइलकडे सरकल्या. फोर्डच्या एफ-१५० च्या मागच्या हौजिंगला एकेकाळी ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक सांगितलं जाई. अलीकडच्या मॉडेलना ७५डब्ल्यू-८५ सांगतात. त्या हौजिंगची बेअरिंग आणि दात त्या ऑइलसाठी तपासलेले असतात. तिकडचं वाचून इकडे वीस वर्षांच्या पिकअपमध्ये तेच घालणं म्हणजे फायदा दुसऱ्याचा आणि खर्च आपला.

नंबरापेक्षा महत्त्वाचं जे, ते डब्यावर बारीक अक्षरांत असतं: एपीआय जीएल-४ की जीएल-५. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या या वर्गवारीतले जीएल-१, २, ३ आणि ६ आता प्रचलित नाहीत. उरले चार आणि पाच. हायपॉइड क्राऊन-पिनियनला जीएल-५ हवं, यावर दुमत नाही. हाताने बदलायच्या गियरबॉक्सला सहसा जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण तिथे पितळी सिंक्रो रिंग असतात. लोखंडाला वाचवणारं गंधक तापल्यावर तांब्या-पितळेला खातं, शिवाय जास्त निसरडेपणामुळे सिंक्रोची पकड सुटते आणि गियर अडकत पडतात. आजची चांगली जीएल-५ ऑइलं पितळेशी पूर्वीइतकी वाईट वागत नाहीत आणि दोन्हींना चालणारी ऑइलंही मिळतात. तरी मॅन्युअलात चार लिहिलं असेल तर ‘पाच म्हणजे त्याहून भारी’ असं समजून ते घालू नये. इथे आकडा मोठा म्हणजे प्रत वरची, असं नाही.

गावाकडे याची उलटी चूक जास्त दिसते. घरात ट्रॅक्टर असतो, त्याच्या ऑइलचा कॅन कोपऱ्यात असतो. ट्रॅक्टरचं ते ऑइल गियर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलातले ब्रेक या सगळ्यांना एकदम सांभाळायला बनलेलं असतं. दाब सोसण्याची त्याची कुवत साधारण जीएल-४ च्या आसपास. तेच पिकअपच्या हौजिंगमध्ये ओतलं की लगेच काहीच होत नाही, आणि तीच खरी अडचण. दातांवरची झीज दिसायला वर्ष जातं. तोपर्यंत कारण विसरलेलं असतं. गंधक आणि तांब्या-पितळेचा तो प्रश्न विजेच्या गाड्यांमध्ये नव्या रूपात आला आहे. काही रचनांत मोटर आणि गियर एकाच ऑइलमध्ये असतात, मोटरमध्ये तांब्याच्या तारा असतात, म्हणून त्यांना वेगळीच ऑइलं बनवावी लागली.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असलेल्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. आत क्लचसारख्या प्लेट असतात. साधं ऑइल पडलं तर वळणावर त्या कचकच करतात, म्हणून घर्षण बदलणारं ॲडिटिव्ह असलेलं ऑइल लागतं. पण सगळ्याच खास डिफरन्शियलना ते लागतं असं नाही. महिंद्राच्या काही गाड्यांत येणाऱ्या यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियलचा प्रकार घ्या. ईटन कंपनी अशा लॉकिंग जोडणीसाठी ते ॲडिटिव्ह वापरू नका म्हणते, कारण तिथे प्लेटनी धरायलाच हवं असतं. टोयोटा हायलक्सचं मागचं लॉक विजेच्या बटणाचं, त्याला प्लेटचा प्रश्न नाही. एकाच दुकानात उभ्या असलेल्या दोन फोर बाय फोर गाड्यांना एकच बाटली चालेल हे गृहीत धरण्याचे दिवस गेले.

ट्रान्सफर केसपाशी तर ते कधीच गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपासून ही पेटी गियरबॉक्सच्या मागे चिकटून आली. आतमध्ये नुसती गियर, ऑइल तेच नव्वद नंबर. महिंद्राने १९४७ नंतर मुंबईत जीप जुळवायला घेतल्या, आणि त्या घराण्याच्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्यांना ट्रान्सफर केस म्हणजे नव्वद नंबर, हे समीकरण पाठ झालं. त्या गाड्यांपुरतं ते बरोबरच होतं. पुढे रचना बदलली. बहुतेक नव्या पेट्यांमध्ये पुढच्या शाफ्टला शक्ती जाते ती रुंद साखळीवरून, आणि ऑइल फिरवायला आत छोटा पंप असतो. साखळीच्या सांध्यांत आणि त्या पंपाच्या जाळीत घट्ट गियर ऑइल वेळेवर पोचत नाही. म्हणून कित्येक कंपन्या तिथे लाल रंगाचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल सांगतात, काही जण अतिपातळ ७५डब्ल्यू. जनरल मोटर्सच्या ज्या पिकअपमध्ये ट्रान्सफर केस आपोआप पुढची चाकं जोडते, तिथे आत क्लच प्लेट असतात आणि त्यांच्यासाठी ऑटो-ट्रॅक टू नावाचं निळं ऑइल वेगळं ठरवलेलं आहे. त्यात लाल घातलं तर पेटी लगेच बंद पडत नाही, प्लेट घसरू आणि थरथरू लागतात.

याच घराण्यातली एक गोष्ट ऑइलची लेव्हल का बघायची हे कुठल्याही मॅन्युअलपेक्षा चांगलं शिकवते. जनरल मोटर्सच्या एका काळातल्या काही पिकअपमध्ये ट्रान्सफर केसचं कवच मॅग्नेशियमचं होतं. आतला पंप जागेवर राहावा म्हणून त्याला दिलेले कान त्या मऊ धातूवर हळूहळू घासत, आणि कवचाच्या मागच्या भागात, वरच्या बाजूला, टाचणीएवढं भोक पडे. भोक ऑइलच्या लेव्हलपेक्षा वर, त्यामुळे गाडी उभी असताना थेंबही पडत नसे. चालताना थोडं थोडं ऑइल बाहेर उडून जाई. मालक रोज गाडीखाली कोरडी जमीन बघून निर्धास्त, आणि पेटी आतून रिकामी. यावर झिजणारा कान दुरुस्त करणारे सुटे भाग तिकडे स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले. ऑइल बदलायला प्लग उघडल्यावर ठरलेल्यापेक्षा फारच कमी ऑइल निघालं, तर नवं भरण्याआधी ते गेलं कुठे हे शोधायचं असतं. हा धडा कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू.

आपल्याकडे फोर बाय फोर पिकअप मोजक्या: बोलेरो कॅम्परचं आणि टाटा योद्धाचं फोर बाय फोर मॉडेल, २०१६ पासून इसुझू व्ही-क्रॉस, २०२२ पासून हायलक्स. यातल्या बहुतेकांचा पुढचा एक्सल वर्षातले तीनशे दिवस रिकामा फिरतो. पुढच्या हौजिंगवर ओझं नाही म्हणजे ऑइल चांगलं राहतं, हा तर्क निम्मा खरा आहे. दात झिजत नाहीत, पण आतला दमट वारा तसाच राहतो, सील कोरडी पडतात, वरच्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर उतरतो. टोयोटाच्या पिकअपची मॅन्युअलं दर महिन्याला निदान सोळा किलोमीटर फोर बाय फोरमध्ये चालवा म्हणतात, ते यासाठी. अट एकच: मातीच्या किंवा ओल्या, निसरड्या रस्त्यावर. कोरड्या डांबरावर अशा गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी झुंजतात आणि त्याचा ताण साखळीवर येतो.

आता किलोमीटर. एका टोकाला ‘आयुष्यभराचं ऑइल’ म्हणणाऱ्या कंपन्या. फोर्डच्या बऱ्याच मॅन्युअलांत म्हटलं आहे की गळतीचा संशय, दुरुस्ती किंवा एक्सल पाण्यात बुडणं यांपैकी काही नसेल तर सर्वसाधारण वापरात मागच्या हौजिंगचं ऑइल तपासायचीही गरज नाही. दुसऱ्या टोकाला पन्नास हजार किलोमीटरच्या आत बदला म्हणणारे जुने मिस्त्री आणि ऑइल विकणारे. मधे टोयोटासारख्या कंपन्या, ज्या ओझं ओढणाऱ्या आणि धुळीत चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळं, कडक कोष्टक देतात. ‘आयुष्यभर’ यातला आयुष्याचा अर्थ कंपनीच्या लेखी बहुधा वॉरंटी आणि पहिल्या मालकाचा काळ असतो, असा माझा संशय आहे. तरीही फोर्डचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. रिकामी, सपाट रस्त्यावर चालणारी पिकअप हौजिंगच्या ऑइलला फारसं छळत नाही.

पण ‘सर्वसाधारण वापर’ आपल्याकडे कुठे सापडतो? बोलेरो पिकअपचं एक मॉडेल पावणेदोन टनांच्या जवळपास, म्हणजे १.७ टनांचं. टाटाने २०२२ मध्ये योद्धाचं दोन टन वाहणारं मॉडेल आणलं. बाजार समितीच्या काट्यावर प्रत्यक्षात काय उतरतं हे सगळ्यांना माहीत आहे. ओझं वाढलं की तापमान वाढतं, आणि रसायनशास्त्रातला ढोबळ नियम सांगतो की दर दहा अंशांमागे ऑइल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे वीस अंश जास्त तापणाऱ्या हौजिंगमध्ये ऑइलचं वय चौपट वेगाने वाढतं. मॅन्युअलातला ‘कठीण वापरा’चा रकाना हाच भाजीपाला, वाळू, दूध वाहणाऱ्या गाडीचा रोजचा रकाना. तो वाचून जो आकडा निघेल तो पाळावा, वर त्याचं ओझं वाहू नये.

पहिली बदली मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती सगळ्यांत कमी होते. नवे दात एकमेकांवर बसताना बारीक लोखंड झडतं. फिल्टर नसल्याने ते तिथेच फिरतं. पहिलं ऑइल लवकर काढलं की हा चुरा कायमचा बाहेर जातो. क्राऊन-पिनियन नवे बसवल्यावर पाचशे-आठशे किलोमीटरवर ऑइल बदलायला गियर बनवणारेच सांगतात. हाच नियम कंपनीतून आलेल्या नव्या गाडीला लावला तर दोन-तीन लिटर ऑइलपलीकडे खर्च नाही.

आणि पाणी. प्रत्येक हौजिंगच्या वर एक ब्रीदर असतो; आतली हवा तापून फुगली की बाहेर जायला वाट. चिखलाने तो बुजला तर दाब सीलवर येतो आणि चांगलं सील गळायला लागतं. असे सील दोन-दोनदा बदलून ब्रीदरकडे कुणी बघत नाही, हा प्रकार गॅरेजमध्ये नित्याचा. उलट बाजू जास्त घातक. तासभर चालून तापलेलं हौजिंग ओढ्यात शिरलं की आतली हवा झटकन आकसते आणि बाहेरचं पाणी ओढते, ब्रीदरमधून किंवा सीलच्या ओठाखालून. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ होतं, थर धरत नाही आणि उभ्या गाडीत बेअरिंगवर गंज चढवतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. नंतरची सगळी चर्चा इंजिनाची, वायरिंगची आणि विम्याची. हौजिंगची आठवण आली ती काही महिन्यांनी ते गाऊ लागल्यावर. बुडालेल्या गाडीत तिन्ही जागांचं ऑइल गाडी चालवण्याआधी काढावं. किलोमीटरचा इथे काही संबंध नाही. कोकणात किंवा नदीकाठी राहणाऱ्याने ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर चासीपर्यंत नेली, तर तो खर्च पुढच्या सगळ्या ऑइलांपेक्षा स्वस्त.

बदलण्याचं काम तसं सोपं, पण त्याला एक क्रम आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालवून ऑइल कोमट करावं. गाडी सपाट जागी. आधी वरचा भरायचा प्लग सैल होतो का ते बघावं, मगच खालचा काढावा. उलटं केलं आणि वरचा प्लग गंजून फिरेनासा झाला, तर रिकाम्या हौजिंगची गाडी जागेवर अडकते. प्लगचे कोपरे मारले जाण्याचं मुख्य कारण चुकीचा पाना. काही ठिकाणी चौकोनी खाच असते, काही ठिकाणी ॲलन की लागते. ज्या मापाचा त्याच मापाचा. काही हौजिंगना खालचा प्लगच नसतो. अमेरिकन पिकअपमध्ये हे सर्रास दिसतं. तिथे मागचं झाकण खोलावं लागतं, खालचे बोल्ट आधी काढून वरचे दोन सैल ठेवायचे म्हणजे ऑइल अंगावर न येता भांड्यात पडतं. मग जुनं पॅकिंग खरवडायचं, कोरडं पुसायचं, ॲनाबॉण्ड सीलंटचा सलग पातळ पट्टा ओढायचा. झाकण उघडण्याची कटकट आहे, पण तळाचा गाळ पुसता येतो आणि दात डोळ्यांनी बघता येतात, जे नुसत्या ड्रेन प्लगमधून कधीच होत नाही.

डिझेलने धुऊन काढण्याची सवय सोडावी. तळाशी राहिलेलं पाव लिटर डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं आणि बेअरिंगच्या कोपऱ्यातला थरही धुऊन नेतं. भरताना पिचकारी किंवा हातपंप हवा; वर जागा असेल तर नरसाळं आणि नळीनेही भागतं. ऑइल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला येऊन हळूच ओघळू लागलं की थांबायचं. काही ट्रान्सफर केसना याहून खालची लेव्हल सांगितलेली असते, म्हणून इथे मॅन्युअल एकदा उघडावंच. जॅकवर नुसती मागची बाजू उचलून भरलं तर लेव्हल चुकते. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हेही खरं नाही. जास्तीचं ऑइल फेसाळतं, तापतं आणि एक्सलच्या सीलमधून ड्रमपर्यंत जातं. ब्रेक लायनरला ऑइल लागलेली भरलेली पिकअप घाट उतरताना काय करेल ते सांगायला नको. वायसर नवे टाकावेत, तेवढ्यासाठी काटकसर नको.

काढलेल्या ऑइलकडे नीट बघणं हे बदलण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि गॅरेजमध्ये त्याला सहसा वेळ नसतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ लेई असणं साहजिक. हातात चुरचुरणारे कण आले तर बेअरिंगकडे संशयाने बघावं. दाताचा तुकडा आला तर ऑइलचा विषय संपला, हौजिंग खोलायचं. सोनेरी चकाकी ट्रान्सफर केसमधून किंवा गियरबॉक्समधून आली तर ती पितळेची. दुधाळ ऑइल निघालं तर नवं भरून, शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा काढावं, कारण पहिल्यांदा सगळं पाणी निघत नाही. नुसता काळा रंग मात्र फार काही सांगत नाही, आणि नेमकं त्या रंगावरूनच ‘बघा किती खराब झालंय’ असं मालकाला दाखवलं जातं. मोठ्या ताफ्यांचे मालक नमुना प्रयोगशाळेत देतात. लोखंडाचं प्रमाण, धूळ आत गेल्याची खूण असलेलं सिलिकॉन, पाणी, सगळं कळतं. एका गाडीच्या मालकाला ते परवडण्यासारखं नाही, त्याला चुंबक आणि डोळे पुरतात.

निघालेल्या ऑइलचं काय करायचं, याला आपल्याकडे दोन उत्तरं चालतात. कायद्याचं उत्तर असं की वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. ते नोंदणी असलेल्या शुद्धीकरण कारखान्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. गॅरेजचं उत्तर म्हणजे कोपऱ्यातलं दोनशे लिटरचं पिंप. त्यात इंजिन, हौजिंग, गियरबॉक्स आणि कधी कधी ब्रेकचंही ऑइल एकत्र पडतं. त्यातलं काही भंगारवाला उचलतो, काही सेंटरिंगच्या प्लेटांना लागतं, काही वाळवी येऊ नये म्हणून दारांच्या चौकटींना. गंधक भरपूर असलेलं गियर ऑइल त्या पिंपात मिसळलं की पुढे शुद्धीकरण करणाऱ्याचं काम अवघड होतं. कंपन्यांची संकलन केंद्रं शोरूमशी जोडलेली आहेत. पिकअप मात्र वॉरंटी संपली की शोरूमचं तोंड बघत नाही. तिचं हौजिंग आळेफाट्याच्या नाहीतर संगमनेरच्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येच उघडतं, आणि तिथवर उचलायला येणारी गाडी अजून या नियमांच्या हिशोबात नीट बसलेली नाही.